रोमाची रमा

रमाताई कंधारकर गायिका होत्या, तेव्हा त्यांची ओळख गाण्यापासून करून द्यायला हवी. पण मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते भांडताना.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुणं सोडून हैदराबादला आलो आणि विद्यानगरमधल्या एका जुन्या अपार्टमेंटमध्ये राहू लागलो. सकाळी खालच्या रस्त्यावर भाजीची गाडी यायची. गाडीवाल्याने आपला आवाज भोंग्यात भरून ठेवला होता, तो एकसारखा वाजत राहायचा. एका सकाळी वरच्या मजल्यावरून एक बाई तरातरा उतरल्या. अंगात गाऊन, पायात कॅनव्हासचे बूट, केसांना मेंदी थापून वर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. गाडीवाल्याने वजनात मारलं असेल, असं मला वाटलं.

"मियां, तुम टमाटे बेचरे की रोरे?" त्यांनी विचारलं.

गाडीवाला गोंधळला.

"टमाटे कू ऊपर लेके गए, भेंडी पे लाके गिरा दिए. सूर देखो जरा. रोज सुबह मेरा दिमाग खराब होरा."

मग त्यांनी त्याच्याच मोबाइलवर, रस्त्यात उभ्या राहून, टोमॅटोपासून कढीपत्त्यापर्यंत सगळी भाजी गाऊन भरून दिली. तो माणूस गावी परत जाईपर्यंत आमच्या रस्त्यावरची भाजी रमाताईंच्या आवाजात विकली गेली. त्याच्या जागी आलेल्याने स्वतःचा किरटा आवाज आणला, तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ दे. किती जणांना सुधारायचं."

त्या दिवशी मी गॅलरीत उभी राहून हसत होते. त्यांनी वर पाहिलं.

"पुण्याची ना तू? हसायलीस काय, वर ये. चहा टाकते."

त्यांची मराठी अशी होती. आजोबांची मराठवाड्यात शेती, निजामाच्या राज्यातली. वडील सरकारी नोकरीत लागून हैदराबादला आले ते इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत दखनी, शाळेत तेलुगू. रमाताई तिन्ही भाषा एकाच वाक्यात बोलत आणि तिन्ही भाषांतली माणसं त्यांना थोडी परकी समजत. मी जामबागच्या एका जुन्या शाळेत मराठी शिकवायला लागले होते. सुरुवातीला त्यांची वाक्यं दुरुस्त करण्याचा आगाऊपणा मी केला. त्या शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "हौ. आता चहा पी."

तरुणपणी त्या रोमा होत्या. कॅसेटच्या दिवसांत एका कंपनीवाल्याने त्यांना ऑर्केस्ट्रात ऐकलं, रमाचं रोमा केलं, केसांना लाल रंग लावला आणि 'शाम कू नक्को' हे गाणं काढलं. मुलगी प्रियकराला सांगते, दुपारी ये, सकाळी ये, पण संध्याकाळी येऊ नको, अब्बा घरी असतात. एवढंच गाणं. पण त्या वर्षी ते हैदराबादच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक ऑटोत वाजलं म्हणे. पन्नाशीच्या आसपासचे रिक्षावाले अजून त्यांचा आवाज ओळखायचे. कोठीच्या बाजारात एका चष्मेवाल्याने दोन ओळी गायला लावून त्यांना फ्रेम दिली होती, ती त्या कौतुकाने मिरवायच्या. त्याच ऑर्केस्ट्रातल्या ड्रमवाल्याशी त्यांचं लग्न झालं होतं. तो दुबईला गेला आणि हळूहळू तिकडचाच झाला. त्याबद्दल त्या एकदाच बोलल्या. "ताल चांगला होता त्याचा," एवढंच.

पुढे कॅसेटही गेल्या आणि रोमाही. मग रमाताई लग्नाच्या संगीतात गायच्या, साबणाच्या, साड्यांच्या, सिमेंटच्या जाहिराती गायच्या. कन्नड येत नव्हतं तरी कन्नडमध्ये गायल्या. मी एकदा विचारलं, अर्थ कळत नाही तर भाव कसा आणता? त्यांनी तोंडातली लवंग गालात सरकवली. "शब्द कंपनीचे, गळा माझा. मला शब्द विचारू नको, चाल विचार."

आमच्या मराठी मंडळाने एका गणेशोत्सवात त्यांना भक्तिगीतांसाठी बोलावलं. पहिल्या दोन गाण्यांना पुढच्या रांगेतले ज्येष्ठ डोलले. मागे मुलं मोबाइलमध्ये डोकी घालून बसली होती. त्यांना निवेदकाची मराठी निम्मी कळत नव्हती. रमाताईंनी पदर खोचला आणि 'शाम कू नक्को' सुरू केलं. मुलं धावत पुढे आली, ज्येष्ठ उठून गेले. नंतर कार्यवाह आपल्या संस्कृतीबद्दल बोलू लागले, तेव्हा रमाताई म्हणाल्या, "पोरं पुढच्या खुर्च्यांवर आली का नाही, ते सांगा." त्यानंतर मंडळाने त्यांना बोलावलं नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं असावं. त्या दर गणपतीत नव्या साडीची घडी मोडायच्या आणि घरीच बसायच्या.

आमच्या इमारतीचे वॉचमन यादगिरी आणि त्यांची बायको लक्ष्मम्मा तळमजल्यावरच्या खोलीत राहत. लक्ष्मम्मा आमच्या चार-पाच घरी धुणंभांडी करायच्या. त्यांची एकुलती मुलगी श्रावणी अभ्यासात हुशार होती, गणितात तर फारच. खालच्या खोलीत पंखा नीट चालत नसे, म्हणून ती रमाताईंकडे येऊन अभ्यास करायची. गाण्यात मात्र तिला काही गती नव्हती.

"देवाने तुझ्या गळ्यात दगड ठेवलाय, पोट्टी," रमाताई म्हणायच्या.

"पण गणित तुमच्या डोक्यात ठेवलं नाही, अक्का," ती म्हणायची, आणि दोघी खिदळायच्या.

त्या सुमारास रमाताईंना एका ज्युनिअर कॉलेजची जाहिरात मिळाली. दहावीनंतर दोन वर्षं मुलांना हॉस्टेलमध्ये ठेवून इंजिनिअरिंग, मेडिकलच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या कॉलेजांपैकी ते एक. निकाल लागले की शहरभर त्यांच्या मुलांचे फोटो आणि नंबर झळकतात. जाहिरातीची ओळ तेलुगूत होती, 'अम्मा, मी बिड्डा नंबर वन'. तेलुगूत 'मी' म्हणजे 'तुमचं'. बाई, तुमचं लेकरू पहिलं. रमाताई घरी घोकत होत्या आणि श्रावणी मध्येच वही मिटून म्हणाली, "बिड्डा असं नाही अक्का. आमची अम्मा मला हाक मारते ना, तसं म्हणा. शेवटी थोडं लांबवून."

रमाताईंनी तसं म्हटलं. त्या लांबवलेल्या 'बिड्डा'वर कॉलेजचे लोक खूश झाले. रेडिओवर, ऑटोवरच्या भोंग्यांवर, सगळीकडे ती जाहिरात वाजू लागली. लक्ष्मम्मा भांडी घासताना ती गुणगुणायच्या. आपलीच हाक आहे हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना त्याचा अभिमान वाटायचा.

दहावीत श्रावणीला उत्तम मार्क पडले, तेव्हा यादगिरींनी रमाताईंना विचारलं, "ते कॉलेज चांगलं आहे का, अक्का?"

रमाताईंनी कॉलेजच्या माणसाला फोन केला, शब्द टाकला. श्रावणीला सवलतीत जागा मिळाली. सगळी इमारत आनंदली. मी तिला डबा दिला, रमाताईंनी नवी बॅग. शहराबाहेरच्या त्या हॉस्टेलवर आम्ही सगळे मिळून तिला सोडायला गेलो. खिडक्यांना जाळ्या होत्या आणि घरी फोन फक्त रविवारी. "दोनच वर्षांचा सवाल आहे," तिथला माणूस म्हणाला. आम्हीही एकमेकांना तेच सांगत परत आलो.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात एका रविवारी श्रावणी फोनवर म्हणाली, अंग दुखतंय, घरी यायचंय. वॉर्डनने फोन घेतला आणि सांगितलं की आठवड्यात मोठी चाचणी आहे, गोळी दिली आहे, सगळीच मुलं असं म्हणतात. यादगिरी बुधवारी गेले तेव्हा त्यांना गेटवरून परत पाठवलं. शुक्रवारी सकाळी हॉस्टेलमधून फोन आला की मुलीला दवाखान्यात नेलंय. ताप डोक्यात गेला होता. आईवडील पोहोचले तेव्हा ती बोलत नव्हती. त्याच दुपारी ती गेली.

तिला इमारतीत आणलं तेव्हा रमाताई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होत्या. बायका लक्ष्मम्मांना धरून होत्या. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक प्रचाराचा ऑटो वळला. प्रवेशाचे दिवस संपत आले होते, कॉलेजचे ऑटो अजून फिरतच होते. भोंग्यातून रमाताईंचा आवाज आला. अम्मा, मी बिड्डा नंबर वन.

रमाताई उठल्या, रस्त्याच्या मधोमध जाऊन ऑटोसमोर उभ्या राहिल्या. ड्रायव्हर तरुण होता. त्याला काहीच कळेना.

"बंद करो बेटा," त्या म्हणाल्या. "थोडी देर बंद करो. मय्यत है."

त्याने भोंगा बंद केला, हात जोडले आणि ऑटो मागे घेतला. रमाताई तिथेच उभ्या राहिल्या. मी दंडाला धरून त्यांना आत आणलं. त्या रडल्या नाहीत.

नंतर बरेच दिवस त्या घरातून बाहेर पडल्या नाहीत. लग्नसराईची बोलावणी आली ती परत गेली. मी संध्याकाळी जाऊन बसायचे. एकदा त्या म्हणाल्या, "माझा गळा होता म्हणून त्या लोकांनी विश्वास ठेवला ना, सुमेधा? कॉलेजवर नाही ठेवला. माझ्यावर ठेवला."

मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत होतं?"

"तेच तर. काय गायलेय ते मला माहीतच नव्हतं."

कॉलेजने कळवलं की मुलीने आजार लपवला. लक्ष्मम्मांना कुणाला तुरुंगात टाकायचं नव्हतं. त्यांना फक्त एवढं कळायला हवं होतं, की यादगिरींना गेटवरून परत पाठवलं त्या बुधवारी रात्री तिच्याजवळ कोण होतं आणि तिने आईला बोलवा म्हटलं होतं का. हे विचारायला त्या दर सोमवारी बस पकडून कॉलेजच्या गेटवर जाऊन बसू लागल्या. मग रमाताई त्यांच्याबरोबर जाऊ लागल्या. हळूहळू आणखी काही आईवडील आले. कुणाचं मूल आजारी पडून घरी आलं होतं, कुणाचं नुसतंच गप्प झालं होतं. मागणी एकच ठरली, मुलांना रोज घरी फोन करू द्या.

मी एका सोमवारी शाळेतून रजा घेऊन गेले होते. पोलिसांची गाडी उभी होती. कुणीतरी घोषणा देत होतं, पण त्या घोषणांना जोर नव्हता. माणसं दमली होती. एका वडिलांनी रमाताईंना सांगितलं, अक्का, तुम्ही दोन शब्द बोला. त्या उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, आणि बोलता येईना.  मग त्यांनी तीच जाहिरात गायला सुरुवात केली. चाल तीच, पण अगदी संथ, जवळजवळ विलाप. शेवटचे शब्द मात्र बदलले होते. 'अम्मा, मी बिड्डा एक्कड?' बाई, तुमचं लेकरू कुठे आहे?

दुसऱ्या वेळी दोन-तीन बायकांनी साथ दिली. चौथ्या-पाचव्या वेळी सगळे गात होते. वरच्या मजल्यांवर जाळ्यांच्या मागे मुलं येऊन उभी राहिली. मी रमाताईंचं गाणं वर्षानुवर्षं ऐकत होते, पण हा आवाज मी ऐकला नव्हता. त्यात रोमाची मुरकी नव्हती, लाडिकपणा नव्हता. तो थोडा फाटका होता आणि त्यांनी तो सावरला नाही.

कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि ते पसरलं. कॉलेजच्या वकिलाची नोटीस आली, की चाल आमची आहे, ती वापरू नये. रमाताईंनी ती माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाल्या, "चाल त्यांचीच आहे. त्यांनाच परत करायले."

त्यानंतरची दोन-तीन वर्षं त्या वेगळ्याच बाई होत्या. कंत्राटी नर्सेसच्या धरण्यावर, झाडूवाल्या बायकांच्या मोर्चात, घरं पाडली गेलेल्या वस्तीत त्या जाऊन गायच्या. केसांना मेंदी लावणं सोडलं, केस पांढरे झाले. स्टेजवर कुणी 'रोमा' म्हटलं तर दुरुस्त करायच्या, "रमा. रमा कंधारकर." आता त्यांना शब्दच हवे असायचे. गाणं जोडण्याआधी त्या बायकांमध्ये जाऊन बसत, विचारत, तुम्ही याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. मला सकाळी सकाळी वर बोलवून घेत. "'न्याय' फार मोठा शब्द आहे, सुमेधा. तोंडात मावत नाही. काही छोटं सांग." मी पुस्तकी शब्द सुचवायचे आणि त्या एकेक नाकारायच्या. लग्नाची, जाहिरातींची कामं बंद झाली होती. मुंबईहून एक पोरगा मुलाखत घ्यायला आला. तुमचा पुनर्जन्म झाला असं वाटतं का, असं त्याने विचारलं. रमाताई उठून आत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत.

कुठेही गेल्या तरी शेवटी लोक ते एकच गाणं मागत. हजारो माणसं एकदम 'एक्कड' म्हणत, आणि ते संपलं की टाळ्यांचा कडकडाट होई. दरम्यान कॉलेजने मजल्या-मजल्यावर फोन बसवले होते. मुलं रोज संध्याकाळी घरी बोलू लागली. तेवढं झालं. बुधवारी रात्री श्रावणीजवळ कोण होतं, हे मात्र कुणीच सांगितलं नाही.

एका दुपारी मी रमाताईंकडे भाजी निवडत बसले होते. लक्ष्मम्मा फरशी पुसून झाल्यावर गेल्या नाहीत, दाराशी उभ्या राहिल्या. त्या तेलुगूत बोलल्या आणि मला बहुतेक सगळं कळलं.

"अक्का, तुम्ही रागावू नका. ते गाणं आता म्हणू नका."

रमाताईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"मी आले होते परवा सभेला. मागे उभी होते. तुम्ही 'बिड्डा' म्हणता ती माझी हाक आहे. मी माझ्या पोरीला हाक मारते आणि लोक टाळ्या वाजवतात. मला ते बघवत नाही."

"लोक तिच्यासाठीच वाजवतात, लक्ष्मम्मा," मी म्हटलं.

"असतील," त्या म्हणाल्या. "पण वाजवतात."

रमाताईंनी भाजी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "नाही म्हणणार."

आणि त्यांनी ते गाणं पुन्हा म्हटलं नाही. पुढच्या सभेत लोकांनी ओरडून मागितलं, त्यांनी दुसरं गायलं. आयोजक नाराज झाले. एक कार्यकर्ता घरी येऊन समजावू लागला, की ते गाणं आता तुमचं राहिलेलं नाही, चळवळीचं आहे. रमाताईंनी त्याला चहा दिला. "चळवळीला सांगा, पोरीची आई नको म्हणते." कारण त्यांनी कधी स्टेजवरून सांगितलं नाही, त्यामुळे कुणी म्हणे बाई घाबरली, कुणी म्हणे कॉलेजने तोंड बंद केलं. बोलावणी कमी होत गेली. दुसरी तरुण मुलं तेच गाणं गिटारवर म्हणू लागली, त्यांचे व्हिडिओ यायचे. रमाताई ते बघत नसत. मी एकदा चिडून म्हटलं, खरं काय ते लोकांना सांगून का टाकत नाही? त्या म्हणाल्या, "सांगितलं तर त्याच्यावरपण टाळ्या वाजवतील."

त्या पूर्वी दिवसभर काहीतरी गुणगुणायच्या. तेही थांबलं. वरच्या घरातून आवाज येईनासा झाला, तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी त्या आवाजात वावरत होते.

नंतर आमचं पुण्याला परत जायचं ठरलं. सामान बांधून झालं होतं. रविवारी सकाळी निरोप घ्यायला वर गेले तर कुलूप. यादगिरी म्हणाले, अक्का आणि लक्ष्मम्मा कॉलेजवर गेल्यात, रविवारी पालक भेटायला येतात ना. मला वाटलं होतं ते सगळं केव्हाच संपलं. मी रिक्षा करून गेले.

गेटसमोरच्या फुटपाथवर, झाडाखाली, दोघी ताकाचं भांडं घेऊन बसल्या होत्या. फलक नाही, घोषणा नाही. लांबून आलेल्या पालकांना लक्ष्मम्मा ताक देत होत्या आणि हळू आवाजात मुलांच्या तब्येतीचं विचारत होत्या. रमाताईंनी मला पाहून शेजारची जागा हाताने झटकली. मी बसले. पुण्यात पत्ता काय, घर कितव्या मजल्यावर, असं त्या विचारत राहिल्या. मला रडू येत होतं आणि त्यांना ते नको होतं.

तेवढ्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन गेटबाहेर आले. ताक घेताना ते रमाताईंकडे निरखून बघू लागले.

"आप वो गानेवाली हैं ना? वो बिड्डावाला गाना?"

लक्ष्मम्मांचा हात भांड्यात थांबला.

"नहीं भाई," रमाताई म्हणाल्या. "वो कोई और होंगी."

मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. काडीसारखी पोरगी, डोळ्यांखाली काळं. "इसकू बुखार तो नहीं है ना?"

"नहीं नहीं," वडील म्हणाले. "थकी है बस. टेस्ट चलरे."

"इधर आ, अम्मा," तेलुगूत लेकीलाही म्हणतात तसं म्हणत रमाताईंनी मुलीला जवळ बोलावलं आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. मुलगी लाजून उभी राहिली. लक्ष्मम्मा रमाताईंच्या तोंडाकडे बघत होत्या.

"नहीं है," रमाताई म्हणाल्या. पण हात त्यांनी लगेच काढला नाही.